शेवटच्या गावातली शाळा आणि डॉ. विक्रम साराभाई

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, अर्थात इस्रोने, चांद्रयान-३ च्या अवतरणाचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून सुरू केले. शाळांनी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून हे दृश्य दाखवावे, असे आवाहन आधीच करण्यात आले होते. ६ वाजून ४ मिनिटांनी यान चंद्रपृष्ठावर उतरले, तेव्हा इस्रोच्या एकट्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक जोडलेले होते. त्या यानाचे नाव होते विक्रम. ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले, त्या डॉ. विक्रम साराभाई यांची ओळख भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक अशी आहे. पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावापुढे अग्निबाण आणि उपग्रह येतात. हा अग्निबाण कशासाठी आणि हा उपग्रह कुणासाठी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मात्र फारसे सांगितले जात नाही. चित्र आकाशातून थेट खेड्यातल्या शाळेत उतरले पाहिजे आणि तेही सर्वांत दूरच्या शाळेत सर्वांत आधी, हे ते उत्तर होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशाला त्यांचे चरित्र जवळचे वाटावे ते यासाठी.

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक आणि शहरातील अग्रगण्य उद्योगपती. घराणे श्रीमंत होते, पण चाकोरीतले नव्हते. अंबालाल यांची सख्खी बहीण अनसूयाबेन १९१८ च्या गिरणी संपात कामगारांच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा समोर मालकांचे नेतृत्व तिचा भाऊच करीत होता आणि कामगारांच्या पाठीशी महात्मा गांधी होते. भावाबहिणीच्या नात्यात मात्र त्यामुळे अंतर पडले नाही. थोरली कन्या मृदुला पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरली.

अंबालाल आणि सरलादेवी यांना आठ अपत्ये. त्या काळच्या शाळांमधील घोकंपट्टी आणि छडी दोघांनाही मान्य नव्हती. माँटेसरी पद्धतीचा सरलादेवींवर मोठा प्रभाव होता. त्यांनी शाहीबागेतील आपल्या रिट्रीट या प्रशस्त बंगल्यातच मुलांसाठी शाळा काढली. भाषा, गणित, विज्ञान, संगीत, नृत्य, चित्रकला, सुतारकाम अशा प्रत्येक विषयाला स्वतंत्र शिक्षक होते आणि त्यांतले काही थेट इंग्लंडहून आणलेले होते. घरातच कर्मशाळा होती. रवींद्रनाथ टागोर, सी. व्ही. रामन, गांधीजी, नेहरू अशी माणसे या घरी येत, उतरत, मुलांशी बोलत. विक्रम केंब्रिजला निघाले तेव्हा शिफारसपत्र दिले ते टागोरांनी.

असे शिक्षण किती मुलांच्या वाट्याला येते? उत्तम शिक्षक दाराशी चालत येणे ही त्या काळी कोट्यधीशाच्या मुलांनाच परवडणारी गोष्ट होती. साराभाईंच्या पुढील आयुष्यातील एक मोठा खटाटोप याच सोयीला गावागावात नेण्याचा होता, असे त्यांच्या चरित्राकडे पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंटरपर्यंत शिकून ते १९३७ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. १९४० मध्ये निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण झाले. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते. मायदेशी परतून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या देखरेखीखाली विश्वकिरणांचा अभ्यास आरंभला. होमी भाभाही तेव्हा तेथेच होते आणि दोघांचा स्नेह जुळला तो तेथे. मोजमापांसाठी साराभाईंनी बंगळूरबरोबर पुण्याची निवड केली. पुण्याच्या हवामान खात्यातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याशी त्यांचा परिचय याच निमित्ताने घट्ट झाला. पुढे काश्मीरच्या उंच पहाडांवरही त्यांनी उपकरणे नेली. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ साली डॉक्टरेट घेऊन परतले.

ते परतले आणि अवघ्या काही महिन्यांत, ११ नोव्हेंबर १९४७ रोजी, अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. महात्मा गांधी विज्ञान संस्थेच्या काही खोल्यांत तिचा संसार सुरू झाला. हवामान खात्यातून निवृत्त झालेले रामनाथन तिचे पहिले संचालक झाले. वयाने कितीतरी वडील असलेल्या माणसाला आपल्या संस्थेच्या प्रमुखपदी आणून बसवण्यात अठ्ठावीस वर्षांच्या साराभाईंना कमीपणा वाटला नाही.

त्याच वर्षी गिरणी उद्योगासाठी संशोधन करणारी अटिरा ही संस्था त्यांनी सुरू केली आणि १९५६ पर्यंत तिची धुरा वाहिली. वस्त्रोद्योगाचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पण अटिरात त्यांना जो धडा मिळाला तो कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता. नवे यंत्र किंवा नवी पद्धत चांगली आहे, एवढ्यावरून ती कुणी स्वीकारत नाही. मालकाला शंका असते, मुकादमाला भीती असते, कामगाराला पोटाची काळजी असते. म्हणून त्यांनी अटिरात मानसशास्त्राचा विभागच उघडला आणि कमला चौधरी यांच्यासारख्या अभ्यासकाला तेथे आणले. यंत्राबरोबर माणसाचा अभ्यास झालाच पाहिजे, हा आग्रह तेथपासून त्यांना जडला. दूरचित्रवाणीच्या प्रयोगात तो पुन्हा दिसतो.

या काळातील त्यांच्या कामाची यादी थक्क करणारी आहे. बडोद्यातील औषधनिर्मितीचा कारखाना, बाजारपेठेच्या अभ्यासासाठी ओआरजी, १९६१ साली स्थापन झालेली अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, मृणालिनींबरोबर उभारलेली दर्पण ही कलासंस्था, शाळकरी मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत म्हणून काढलेले सामुदायिक विज्ञान केंद्र. यातील शेवटच्या संस्थेकडे चरित्रकार घाईने पाहून पुढे जातात. पण अणुऊर्जा आणि अंतराळ यांची जबाबदारी शिरावर असलेला माणूस मुलांच्या प्रयोगशाळेसाठी वेळ काढत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९६२ मध्ये अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे अग्निबाण सोडण्याची जागा तेथे शोधायची होती. ती शोधण्यात साराभाईंच्या बरोबरीने होते कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. त्रिवेंद्रमजवळ थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडण्यात आले. तेथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची इमारत बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या सहकार्याने विज्ञानासाठी मिळाली आणि प्रार्थनेच्या जागी अग्निबाणाच्या भागांची जुळणी होऊ लागली. सुटे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेला नाइके-अपाची अग्निबाण तेथून उडाला. पुण्याचे प्रमोद काळे आणि पुढे वसंत गोवारीकर असे मराठी शास्त्रज्ञही या कामात आले. गोवारीकर तर साराभाईंच्या बोलावण्यावरून इंग्लंडमधले काम सोडून १९६७ मध्ये थुंब्यात दाखल झाले.

गरीब देशाने आकाशाकडे कशाला पाहावे, ही टीका तेव्हा सर्रास होत असे, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. १९६५ ते १९६७ ही वर्षे दुष्काळाची आणि आयात गव्हाची होती. चंद्रावर माणूस पाठवण्याची स्पर्धा आपल्याला करायची नाही, असे साराभाई जाहीरपणे सांगत. तंत्रज्ञान प्रगत असावे, पण त्याचा उपयोग सामान्य माणसाच्या खऱ्या अडचणींसाठी व्हावा, हा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी केवळ भाषणात ठेवला नाही. त्यासाठी त्यांनी निवडलेले क्षेत्र होते शिक्षण, आणि साधन होते दूरचित्रवाणी.

येथे थोडे थांबून त्या वेळच्या परिस्थितीकडे पाहावे लागेल. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली होती आणि पुढे अनेक वर्षे ती दिल्लीपुरतीच राहिली. मुंबईला केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दूरचित्रवाणीचा मनोरा उभारला की त्याच्या भोवतीच्या काही किलोमीटरच्या वर्तुळात चित्र दिसते. तेव्हा पहिला मनोरा महानगरात, मग लहान शहरात, मग जिल्ह्याच्या गावी असा क्रम ठरून जातो. डोंगर, दरी आणि दाट जंगल यांचा नंबर शेवटी लागतो, किंवा लागतच नाही.

तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा डोळ्यांसमोर आणला तर हे गणित चटकन कळते. गडचिरोली तेव्हा वेगळा झालेला नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. वाटेत प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा अशा नद्या. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटणे ही तर पुढेही कितीतरी वर्षे ठरलेलीच गोष्ट राहिली. अशा मुलखात मनोऱ्यामागून मनोरे उभारत जायचे म्हटले, तर शेवटच्या पाड्यावरील शाळेत चित्र पोहोचायला किती पिढ्या लागल्या असत्या?

साराभाईंनी हा क्रमच उलटा करण्याचे मांडले. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा उपग्रह ठेवला की त्याला दिल्ली आणि भामरागड सारखेच जवळ. शहरात मनोरे उभे राहतीलच, ते व्यापारी हिशेबानेही परवडतील. उपग्रहाचा उपयोग मात्र विखुरलेल्या, रस्ता नसलेल्या, शिक्षक टिकत नसलेल्या गावांसाठी आधी करायचा. प्रगत देशांनी ज्या पायऱ्या एकेक करून चढल्या, त्या सगळ्या आपण चढण्याची गरज नाही, अशी यामागची धारणा होती. दिल्लीत नोव्हेंबर १९६९ मध्ये झालेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी विकासासाठी दूरचित्रवाणी हा विषय सविस्तर मांडला. देशातील सुमारे साडेपाच लाख गावांना दहा वर्षांत दूरचित्रवाणी देण्याची कल्पना त्यात होती. आकडा आज भाबडा वाटतो. त्यामागील हिशेब मात्र भाबडा नव्हता. मनोऱ्यांचे जाळे, थेट उपग्रह आणि दोहोंचे मिश्रण अशा पर्यायांच्या खर्चाची तुलना त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ठेवली होती.

तयारीही टप्प्याटप्प्याने झाली. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीभोवतालच्या ८० खेड्यांसाठी कृषिदर्शन सुरू झाले. खेडूत माणूस दूरचित्रवाणीवरून काही शिकतो का, याची ती लहानशी परीक्षा होती आणि तिच्यामागे साराभाईंचा पुढाकार होता. त्याच वर्षी अहमदाबादला उपग्रह संपर्काचे प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले. तेथे तयार झालेल्या अभियंत्यांकडे पुण्याजवळील आर्वीच्या भूकेंद्राचे काम सोपवण्यात आले. ही आर्वी वर्धा जिल्ह्यातील नव्हे, तर नारायणगावजवळची. सुमारे ३० मीटर व्यासाची अवाढव्य ताटली तेथे उभी राहिली आणि १९७१ मध्ये केंद्र कार्यरत झाले. परदेशी कंपनीला कंत्राट देऊन मोकळे होणे सोपे होते, पण आपल्या माणसांनी ते उभारावे असा साराभाईंचा हट्ट होता. या केंद्राला पुढे विक्रम हेच नाव देण्यात आले.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. पाठोपाठ १८ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेबरोबर करार झाला. नासाने आपला उपग्रह भारताला एक वर्ष वापरू द्यायचा. गावातील संच, भूकेंद्रे, कार्यक्रम आणि त्यांचे मूल्यमापन ही सगळी जबाबदारी भारताची. उपग्रह परक्याचा असला तरी पडद्यावर काय दिसेल हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे आपला, ही बाब करारात स्पष्ट होती. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत हे सहज मिळालेले नव्हते.

दरम्यान साराभाईंच्या अंगावरील भार वाढत गेला. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमान अपघातात गेले आणि काही महिन्यांत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. एक पाय अहमदाबादेत, एक मुंबईत, बाकी वेळ दिल्ली, थुंबा आणि परदेश. अणुऊर्जा खात्यात त्यांना विरोधकही भेटले. हा माणूस फार गोष्टी एकदम हाती घेतो, अशी तक्रार त्यांच्या चाहत्यांचीही होती आणि ती खोटी नव्हती. ३० डिसेंबर १९७१ च्या पहाटे त्रिवेंद्रमजवळ कोवळम येथील विश्रामगृहात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. आदल्या दिवशी ते थुंब्यातील कामे पाहत होते. ज्या प्रयोगासाठी एवढा खटाटोप केला, त्याचे एकही दृश्य त्यांना पाहता आले नाही.

प्रयोग मात्र झाला. त्याचे नाव उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तो साइट या नावाने ओळखला गेला. इस्रोची सूत्रे तेव्हा सतीश धवन यांच्याकडे होती. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते आणि कार्यक्रमाचे व्यवस्थापन थुंब्याची जागा शोधणाऱ्या चिटणीसांकडे होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष हा प्रयोग चालला. ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांत सुमारे २४०० गावे निवडण्यात आली होती. निवडीचा निकष एकच, मागासलेपणा.

महाराष्ट्र त्यात नव्हता. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वसीमेपलीकडचा छत्तीसगडचा मुलूख, म्हणजे रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग, त्यात होता. १९७६ साली भामरागड तालुक्यातील हेमलकशाला बाबा आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पात माडिया मुलांसाठी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी छत्तीसगडच्या निवडक गावांतील मुले सकाळी शाळेच्या अंगणात बसून आकाशातून आलेला धडा पाहत होती.

त्या गावांत काय होते? शाळेच्या आवारात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री. आत हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवलेला कृष्णधवल संच. जेथे वीज नव्हती तेथे बॅटरी. रोज चार तासांचे प्रक्षेपण होई. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत तो वेळ वाटलेला असल्याने एका भाषेतील मुलांच्या वाट्याला सकाळची जेमतेम बावीस मिनिटे येत. चित्राचा मार्ग एक आणि ध्वनीचे मार्ग दोन, अशी सोय उपग्रहावर होती. त्यामुळे एकच चित्र एकाच वेळी दोन भाषांत ऐकवता येई.

या बावीस मिनिटांत काय दाखवायचे, हा खरा कस होता. पुस्तकातला धडा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायचा नाही, हे ठरलेले होते. मुलांचे विज्ञानविषयक कार्यक्रम तयार करण्यासाठी इस्रोने मुंबईत छोटे चित्रणगृह थाटले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यात हौसेने भाग घेतला. गावातच सापडणाऱ्या वस्तूंमधून विज्ञान उलगडायचे, प्रश्न मुलाच्या मनात निर्माण करून सोडून द्यायचा, अशी त्यांची धाटणी होती. शिक्षकांनाही वगळले नव्हते. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण सुट्ट्यांच्या काळात दोन फेऱ्यांत देण्यात आले आणि जवळपास ५० हजार शिक्षक त्यातून गेले. संच शिक्षकाची जागा घेणार नाही, शिक्षकाला बळ देईल, ही भूमिका त्यामागे होती. पुढच्या अनेक योजनांत नेमका याचाच विसर पडला.

अटिरातला जुना धडा येथे कामी आला. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक निवडक गावांत महिनोन् महिने मुक्काम ठोकून होते. संच कुणी चालू करतो, समोर कोण बसते, बायका येतात का, कोणत्या वस्तीला मागे बसावे लागते, हे सगळे टिपले गेले. मुलांची भाषा सुधारली, कुतूहल वाढले, असे दिसून आले. पण दूरचित्रवाणी आल्याने शाळेतील हजेरी वाढली, किंवा शाळा सोडणारी मुले थांबली, असे आढळले नाही. गुरे राखणारे मूल चित्र पाहायला येई आणि पुन्हा रानात जाई. प्रयोग आणीबाणीच्या वर्षात झाला, हेही विसरून चालणार नाही. संध्याकाळच्या बातम्या सरकारी होत्या, यात नवल नाही.

३१ जुलै १९७६ रोजी प्रक्षेपण थांबले आणि उपग्रह पश्चिमेकडे परत नेण्यात आला. रायपूर, संबळपूर, गुलबर्गा, मुझफ्फरपूर अशा ठिकाणी पुढे जमिनीवरील मनोरे उभारण्यात आले. मनोऱ्यांच्या टप्प्यात आलेल्या गावांचे संच पुन्हा बोलू लागले. टप्प्याबाहेर राहिलेली गावे, म्हणजे नेमकी ज्यांच्यासाठी हा सारा घाट घातला होता ती, पूर्वीसारखीच राहिली.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात असा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ बी अवकाशात गेला आणि साराभाईंच्या कल्पनेतील भारताचा स्वतःचा संचार उपग्रह प्रत्यक्षात काम करू लागला. शालेय कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत या वेळी महाराष्ट्र होता आणि भाषांत मराठी होती. मराठी कार्यक्रम तयार करण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. एका पिढीला तिची आठवण आहे. पण त्याच सुमारास दिल्लीत आशियाई स्पर्धा रंगीत दिसल्या होत्या आणि १९८४ च्या जुलैत हमलोग मालिका सुरू झाली. उपग्रह होता, पण क्रम पुन्हा सुलटा झाला: आधी शहर, आधी करमणूक, आधी जाहिरात. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट उडाला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होते. सहा वर्षांनी त्याचे आयुष्य संपले. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

तीन वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, करोनामुळे शाळांना टाळे लागले आणि शिक्षण म्हणजे पडद्यावरील चित्र, असे समीकरण एका आठवड्यात रूढ झाले. शहरातील मुले भ्रमणध्वनीवर वर्गात बसू लागली. दक्षिण गडचिरोलीतील अनेक गावांपुढे प्रश्न होता तो भ्रमणध्वनीच्या रेंजचा. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी टिलीमिली ही मालिका सुरू झाली. ज्या घरात इंटरनेट नव्हते पण छपरावर छत्री होती, तेथे ती पोहोचू शकत होती. आकाशातून थेट घरात, मधल्या तारांची आणि मनोऱ्यांची गरज नाही, ही ती जुनीच युक्ती. १९७५ ची तीन मीटरची जाळी आता हातभर ताटलीत मावली होती, एवढाच फरक.

एक प्रश्न मात्र साइटच्या वर्षीही सुटला नव्हता. ओरिसातील फुलबनी जिल्हा प्रयोगात होता. तेथील कंध मुलांची घरची बोली कुई आणि पडद्यावरील भाषा उडिया. छत्तीसगडी बोलणारी मुले हिंदीत ऐकत होती. चार भाषांत वाटलेल्या दीड तासात बोलींना जागा कोठून मिळणार, हे तेव्हाचे कारण होते. २०२० मध्ये ती अडचण उरली नव्हती. वाहिन्या कितीही काढता येत होत्या, चित्रफीत कुणालाही चढवता येत होती. तरी भामरागड आणि एटापल्लीच्या पाड्यांवर पहिलीत पाऊल टाकणाऱ्या, घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला सह्याद्रीवरचा धडा मराठीतच ऐकावा लागला.